विषम वॉशिंग्टनला, सम न्यूयॉर्कला

या खेपेला नायगारा नको, हे मी लालबागहून निघतानाच ठरवलं होतं. लेकीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला ही आमची तिसरी वारी. धबधबा झाला, स्वातंत्र्यदेवी झाली, मॉल तर इतके झाले की यांचे गुडघे नुसत्या नावाने दुखतात. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या बॅचेस काढल्या. त्या काळात एका जुन्या मासिकात एका चित्राचा बोटभर फोटो पाहिला होता. रेल्वेचं फलाट, सामान घेतलेली काळी माणसं, ओळीने, आणि एकालाही धड नाक-डोळे नाहीत. खाली नाव होतं जेकब लॉरेन्स. तो फोटो कापून मी स्टाफरूमच्या कपाटाला आतून चिकटवला होता. निवृत्त झाले तेव्हा कपाट तिथेच राहिलं, फोटोही.

ते चित्र एकटं नाही, साठांतलं शेवटचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. साठ चित्रांची एक सलग गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी गावं सोडून उत्तरेच्या शहरांची वाट धरली, तिची. आणि ही गोष्ट १९४२ साली मधोमध नाही, तर एकाआड एक अशी वाटली गेली. सम क्रमांकाची तीस चित्रं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला, म्हणजे मोमाला, आणि विषम क्रमांकाची तीस वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनला.

"म्हणजे पुस्तकाची उजवी पानं एका भावाकडे आणि डावी दुसऱ्याकडे," हे म्हणाले. आमच्या गावच्या घराच्या वाटण्या आठवून म्हणाले असावेत.

मग सहा दिवसांचा बेत केला. शंभर पानी वहीत साठही चित्रांखालच्या ओळी मराठीत उतरवून घेतल्या. हे काम जाण्याआधी करा. म्युझियमच्या गर्दीत प्रत्येक ओळ उभ्याने वाचून अर्थ लावायचा म्हटलं, तर चित्र बघायचंच राहतं.

पहिला दिवस, रविवार: हार्लेम, पाऊस आणि बंद दार

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनहून दोन किंवा तीन नंबरची भुयारी गाडी थेट हार्लेममध्ये, म्हणजे शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत, १३५व्या रस्त्यावर सोडते. वेगळं तिकीट काढावं लागत नाही, बँकेचं कार्ड फाटकाला टेकवलं की झालं. वर आलो तर पाऊस. ऑक्टोबरचा, बारीक, आपल्या श्रावणातल्यासारखा पण बोटं गोठवणारा.

समोरच शोम्बर्ग सेंटर. हे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेलं ग्रंथालय आहे. लॉरेन्सने सगळा अभ्यास इथल्याच संग्रहावर केला. दाराला कुलूप. रविवारी बंद असतं, आणि ते बघायचं मीच विसरले होते. यांनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त छत्री माझ्या हातात दिली.

पण रविवार असल्यामुळेच एक गोष्ट मिळाली. चर्च सुटत होती. पावसात लेनॉक्स अव्हेन्यूवरून बायका चालल्या होत्या आणि त्यांच्या टोप्या! जांभळ्या, शेंदरी, लिंबू रंगाच्या, पिसं लावलेल्या. टोपी भिजू नये म्हणून एकीने तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली होती आणि त्या पिशवीसकट ती महाराणीसारखी चालत होती. राखाडी फुटपाथवर ते सपाट, भरीव रंग बघताना वाटलं, या पोराने रंग कुठून उचलले ते शोधायला ग्रंथालय उघडं असण्याची गरज नव्हती.

पोरगाच तो. जन्म १९१७ चा, अटलांटिक सिटीत. आई-वडील दक्षिणेतून आलेले, पुढे वेगळे झाले. आईने तीन मुलांना फिलाडेल्फियात परक्यांच्या घरी सांभाळायला ठेवलं आणि स्वतः न्यूयॉर्कला कामाला आली. तेराव्या वर्षी जेकब तिच्याकडे हार्लेमला आला. शाळा सुटल्यावर मूल रस्त्यावर हिंडू नये म्हणून तिने त्याला एका बालकेंद्रात घातलं. तिथे चार्ल्स आल्स्टन नावाचा तरुण चित्रकार शिकवायचा. जेकब घरातल्या गालिच्यांच्या नक्षीसारखे आकार काढायचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत हार्लेमचे रस्ते उभे करायचा. आल्स्टनने त्याला 'असं नको, तसं काढ' म्हटलं नाही. शिक्षक म्हणून सांगते, वर्गात याहून अवघड काही नसतं. मी स्वतः कितीतरी पोरांचे जांभळे डोंगर हिरवे करून घेतले आहेत.

त्याच आल्स्टनची भित्तिचित्रं ग्रंथालयासमोरच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये आहेत. १९३६ साली त्यांचे आराखडे सादर झाले तेव्हा रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने हरकत घेतली होती. कारण काय, तर चित्रांत काळी माणसं फार आहेत! चित्रकारांनी गप्प बसायला नकार दिला आणि चित्रं झाली. आज त्याच इमारतीच्या काचेच्या दर्शनी भिंतीवर व्हर्टिस हेज या दुसऱ्या चित्रकाराचं चित्र कित्येक मजले उंच करून लावलंय. ते बघायला तिकीट लागत नाही, समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं. पावसात तर फारच छान दिसतं.

जेवायला एका साध्या खाणावळीत शिरलो. शेजारच्या टेबलावर पिसांची टोपी काढून ठेवलेल्या एक आजी बसल्या होत्या, पंच्याऐंशीच्या तरी असतील. माझ्या ताटलीतल्या दाण्यांकडे मी टक लावून बघतेय म्हणताच त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा खातेस का, बेटा?" मी बासष्ट वर्षांची बेटा. म्हटलं, "छे हो, ही तर आमची चवळी!" चवळी आणि भेंडी आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेत आल्या, हे मला वाचून माहीत होतं. पण आजी म्हणाल्या, "माझी आई साउथ कॅरोलायनातून निघाली तेव्हा तिच्या पेटीत कपडे कमी आणि ही जास्त होती." नववर्षाच्या दिवशी चवळी खाल्ली की वर्षभर बरकत राहते, अशी त्यांच्यात समजूत आहे. जाताना त्यांनी यांच्या पाठीवर थाप मारली आणि माझी ताटली संपली की नाही ते वाकून बघितलं.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवा. इथली पालेभाजी, कॉलर्ड ग्रीन्स, बघायला निष्पाप असते पण बहुतेक ठिकाणी धुरावलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर शिजवलेली असते. चवळीचंही तसंच. विचारूनच घ्या. आम्ही दोघं मालवणकडचे, आम्हाला अडचण नव्हती. मक्याचा पाव मात्र गोड निघाला, तो यांना मुळीच आवडला नाही.

दुसरा दिवस, सोमवार: सम

मोमा सोमवारीही उघडं असतं. तिकीट तीस डॉलर, ज्येष्ठांना सवलत, ओळखपत्र जवळ ठेवा. लॉरेन्सची चित्रं टांगलेली आहेत का आणि कितवी, हे निघण्यापूर्वी दोन्ही संग्रहालयांकडे विचारून घ्या. ती अधूनमधून प्रवासाला जातात किंवा आळीपाळीने लावली जातात.

पहिला धक्का आकाराचा. साठ चित्रांची महागाथा म्हणून मी मनात भिंतीएवढी चित्रं धरून बसले होते. एकेक चित्र बारा इंच गुणिले अठरा इंच. आपल्या परीक्षेच्या ड्रॉइंगच्या कागदाहून थोडंसंच मोठं! हार्डबोर्डवर केसिन टेम्पेरा, म्हणजे दुधातल्या प्रथिनात कालवलेला रंग. वाळला की पोस्टर कलरसारखा मॅट दिसतो आणि चुकीला माफी नाही. जवळ गेलं की ब्रशचे फराटे दिसतात.

आणि रंग? निळसर हिरवा, शेंदरी, पिवळा, तपकिरी, काळा. दुसऱ्या चित्रातला पिवळा अठ्ठावन्नाव्यात जसाच्या तसा. यामागची युक्ती मला माहीत होती, तरी डोळ्यांनी बघताना हसू आलं. त्याने साठही पाट्या एकदम मांडल्या. एक रंग कालवला आणि जिथे जिथे तो हवा तिथे सगळीकडे लावून टाकला. मग पुढचा. आधी गडद, शेवटी फिके. म्हणजे एक चित्र पूर्ण, मग दुसरं, असं नाहीच. साठही एकाच दिवशी अर्धी होती आणि एकाच आठवड्यात पुरी होत आली. पाट्यांना पांढरं अस्तर द्यायला, ओळी लिहायला ग्वेंडोलिन नाइट मदतीला होती. तीही चित्रकार. १९४१ च्या जुलैत दोघांनी लग्न केलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

त्याने स्वतः हा प्रवास केलाच नव्हता. दक्षिण तोवर पाहिलीही नव्हती. आई, शेजारीपाजारी, रस्त्यावरचे वक्ते यांच्याकडून ऐकलं आणि ग्रंथालयात वाचलं. आमच्या परीक्षेत 'स्मरणचित्र' नावाचा पेपर असतो. हे स्मरणचित्रच, पण दुसऱ्यांच्या स्मरणातलं.

दहावं चित्र: एक नवराबायको टेबलाशी, समोर वाडगे. खाली ओळ, ती फार गरीब होती. बस, एवढंच. बाविसावं: तीन माणसं पाठमोरी, हातांत बेड्या, समोर गज. अठ्ठावन्नावं: तीन मुली फळ्यावर आकडे लिहिताहेत, एकीचा हात दुसरीपेक्षा उंच. त्या हातांसमोर मी बराच वेळ उभी राहिले. फळ्यापाशी टाचा उचलून उभं राहणारं मूल मी तीस वर्षं मागून पाहिलंय.

पण त्या दिवशी मला अडवून धरलं सोळाव्याने. एक बाई टेबलाशी बसलेली, मान खाली. खोली रिकामी. बाकी काही नाही. वहीत ओळ होती: झुंडबळीनंतर स्थलांतराचा वेग वाढला. बाईच्या चेहऱ्यावर ना अश्रू, ना काही. चेहराच दिसत नाही. आपण एखाद्याच्या घरी निरोप पोचल्यानंतर पाच मिनिटांनी गेलोय आणि काय झालं ते कुणी सांगत नाही, तसं वाटत राहिलं. निरोप होता पंधराव्या चित्रात, आणि पंधरावं वॉशिंग्टनला.

चौदानंतर सोळा, सोळानंतर अठरा. प्रत्येक दोन चित्रांमध्ये भिंतीचा पांढरा तुकडा, आणि तिथे मी वहीत बघायची. शेजारच्या पहारेकरी बाईंनी शेवटी विचारलंच, वहीत काय आहे? मराठी अक्षरं दाखवली. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं इथे उभी आहे, पण विषमवाली अजून पाहिली नाहीत. तुम्ही पाहून या आणि मला सांगा."

साठाव्यापाशी हे आधीच उभे होते. माझ्या कपाटातलं चित्र. खालची ओळ, आणि माणसं येतच राहिली. कपाटातल्या फोटोत न दिसलेली एक गोष्ट दिसली. ती माणसं गाडीकडे बघत नाहीत, आपल्याकडे बघताहेत.

वाटणी सम-विषमच का, याचीही गोष्ट आहे. मोमाच्या एका विश्वस्त बाईंना शेहेचाळीसावं चित्र फार आवडलं होतं, म्हणून सम इकडे. दोन्ही संग्रहालयांनी तीस चित्रांचे प्रत्येकी हजार डॉलर दिले. हिशेब करा. एका चित्राचे तेहेतीस डॉलर. आमच्या दोघांच्या तिकिटांत दीड चित्र आलं असतं.

तिसरा दिवस, मंगळवार: पुन्हा हार्लेम

कुलूप उघडलं होतं आणि ऊन पडलं होतं. शोम्बर्ग सेंटरमध्ये प्रवेश फुकट. आर्तुरो शोम्बर्ग मूळचा पोर्टो रिकोचा. शाळेत बाईंनी 'काळ्यांना इतिहास नसतो' असं म्हटलं म्हणून तो आयुष्यभर पुस्तकं, पत्रं, चित्रं गोळा करत राहिला, असं सांगतात. १९२६ साली त्याचा संग्रह दहा हजार डॉलरला ग्रंथालयासाठी घेतला गेला. शाळा अर्धवट सोडून लाँड्रीत आणि छापखान्यात काम केलेला जेकब इथे येऊन बसायचा. स्थलांतराच्या चित्रांआधीच त्याने गुलामीविरुद्ध लढलेल्या तिघांवर, म्हणजे हैतीच्या तूसाँ लूव्हर्त्यूरवर एक्केचाळीस, फ्रेडरिक डग्लसवर बत्तीस आणि हॅरिएट टबमनवर एकतीस चित्रं करून टाकली होती. मुलांना ही माणसं शाळेत कुणी शिकवत नव्हतं.

आत फरशीवर एक मोठं वर्तुळाकार नक्षीकाम आहे, नद्यांची नावं आणि कवितेच्या ओळी कोरलेलं. त्याच्याखाली कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. हे कळल्यावर माझा पाय उचललेला तसाच राहिला. आम्ही दोघं भिंतीला धरून कडेकडेने गेलो. तिथल्या मदतनीस मुलीला हसू आवरेना. म्हणाली, याचं उद्घाटन झालं तेव्हा यावर लोक नाचले होते, तुम्ही खुशाल चाला. तरी मी नाही चालले. नमस्कार केला.

ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार बाईंविषयी इथे आवर्जून सांगते. मंदीच्या काळात सरकार चित्रकारांना पगारावर ठेवत होतं. जेकबला घेऊन त्या कचेरीत गेल्या. त्याला एकवीस पूर्ण नाहीत म्हणून परत पाठवलं. तो विसरून गेला. बाई विसरल्या नाहीत. वर्षभराने त्यांनी त्याला पुन्हा नेऊन उभं केलं आणि नोकरी लागली, आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट, चित्रं काढण्याचे. मला या गोष्टीतलं 'वर्षभराने' फार आवडतं.

दुपारी चालत मॉर्निंगसाइडच्या टेकडीवर गेलो. वर कोलंबिया विद्यापीठ, खाली हार्लेम, मधे एक उतरतं उद्यान. बाबासाहेब १९१३ ते १६ या टेकडीवर शिकत होते, आणि दक्षिणेतून गाड्या भरून निघू लागल्या त्या साधारण तेव्हाच. पुढे १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागवली आणि त्यांचं उत्तरही आलं. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आम्ही विद्यापीठ बाहेरूनच पाहिलं आणि उद्यानाच्या पायऱ्यांवर बसून लेकीने दिलेले मेथीचे ठेपले खाल्ले.

चौथा दिवस, बुधवार: उलट्या दिशेची गाडी

न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. अगदी ऐनवेळी काढायला गेलात तर विमानाचा भाव ऐकून घ्यावा लागतो.

खिडकीतून ट्रेंटन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर मागे पडत होती आणि माझ्या लक्षात आलं, आपण चित्रांच्या उलट दिशेने चाललोय. ती माणसं इकडून तिकडे गेली. १९१० ते १९७० या काळात साठ लाखांच्या आसपास. एकेकाळी उत्तरेकडून निघालेल्या गाड्यांतल्या कृष्णवर्णीय प्रवाशांना दक्षिणेकडे जाताना वॉशिंग्टनला डबा बदलून 'त्यांच्या' डब्यात जावं लागे. १९४६ साली लॉरेन्स नवराबायको नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला निघाले. तोवर त्याची चित्रं दोन संग्रहालयांत लागलेली, महायुद्धात तटरक्षक दलात नोकरी केलेली. तरीही ही डबाबदली चुकावी म्हणून बोलावणाऱ्या योझेफ आल्बर्स यांनी त्यांच्यासाठी वेगळा डबाच ठरवला. उन्हाळाभर ते दोघं कॉलेजच्या आवाराबाहेर पडले नाहीत.

वॉशिंग्टनला संध्याकाळी इथिओपियन जेवण. तिथे या मंडळींची मोठी वस्ती आहे. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाची जाळीदार, मोठ्ठी आंबोळी, आणि तिच्यावरच वाढलेली आमटी-भाज्या. बुधवार-शुक्रवार त्यांचा धार्मिक उपास असतो, त्यात मांस-दूध चालत नाही. त्यामुळे शाकाहारींनी 'उपासाचं ताट' मागवायचं. मसूरडाळ आणि कोबी खाऊन उपास! यांनी जाहीर केलं की हा धर्म आपल्याला झेपेल.

पाचवा दिवस, गुरुवार: विषम

ड्युपाँट सर्कल मेट्रोचा क्यू स्ट्रीटकडचा दरवाजा घ्या. सरकता जिना इतका लांब आहे की खालून वरचं टोक दिसत नाही. फिलिप्स कलेक्शन तिथून दोन मिनिटांवर. सोमवारी बंद असतं, हे यावेळी पाहून ठेवलं होतं! डंकन फिलिप्स यांनी १९२१ मध्ये ते आपल्या राहत्या घरातच उघडलं. अजूनही लाकडी जिने करकरतात. त्यांच्याकडचं सर्वांत नावाजलेलं चित्र फ्रेंच चित्रकार रेन्वारचं, नौकाविहारानंतरच्या जेवणाचं. १९२३ साली त्यांनी त्याला सव्वा लाख डॉलर मोजले होते. लॉरेन्सच्या तीसांना हजार. सगळी गर्दी रेन्वारपाशी होती, त्यामुळे आमच्या खोलीत आम्ही आणि एक कॉलेजची मुलगी, तिघंच.

एक. म्हणजे सुरुवात, जी मला पाचव्या दिवशी मिळाली. गर्दी तीन दारांकडे लोटतेय, वर शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुई. तीन: माणसांची त्रिकोणी रांग आणि डोक्यावर पक्षी, त्याच दिशेने. अकरा: युद्धामुळे धान्य दुप्पट महागलं, एक बाई खारवलेल्या चरबीचा तुकडा कापतेय आणि पोर टेबलाच्या कडेवरून नाक वर काढून बघतंय. तेहेतीस: उत्तरेहून पत्र आलंय, मुलगी वाचून दाखवतेय.

इथे यांना कंठ फुटला. त्यांचे वडील देवबागहून गिरणीत आले, आणि यांनी लहानपणी चाळभर लोकांची पोस्टकार्डं वाचून दाखवली आहेत. सत्तेचाळीसाव्यापाशी तर ते हलेचनात. एका खोलीत दाटीने झोपलेली माणसं आणि रंगीत गोधड्या. "हा आमचा गाळाच आहे," ते म्हणाले. "आपलं आणि यांचं सेमच की."

मला ते तेव्हाही पटलं नाही, आताही नाही. कारण तोवर मी पंधरावं बघून आले होते.

एक निष्पर्ण फांदी. तिला फास, रिकामा. खाली दगडावर अंगाचं गाठोडं करून बसलेलं एक माणूस. पुरुष की बाई, कळत नाही. मेलेलं कुणी दाखवलेलंच नाही. आकाश नुसतं फिकं. तीन दिवस ती सोळाव्यातली बाई डोक्यात घेऊन मी हिंडत होते, मान खाली घातलेली. तिचा निरोप हा होता. दोन चित्रं शेजारी टांगली असती तर मी चार सेकंदांत एकावरून दुसऱ्यावर गेले असते, ओळी वाचल्या असत्या, हळहळले असते. मधे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर पडल्यामुळे मला आधी दुःख दिसलं आणि मग कारण.

आमचे सासरे दुष्काळाने, कर्जाने, भावकीने गाव सोडून आले. गणपतीला आणि शिमग्याला परत जात होते. या फांदीखालचं माणूस परत जाणार नव्हतं. आमच्याकडे हे चित्र बघून लगेच ओळख पटली असती ती गावकुसाबाहेरून मुंबई गाठलेल्यांना, आम्हाला नाही. हे मी यांना तिथेच सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्रेपन्नावं बघ."

त्रेपन्नावं: फरकोट आणि उंच टोपीतलं एक रुबाबदार कृष्णवर्णीय जोडपं. उत्तरेत आधीपासून राहणाऱ्यांनी नव्याने येणाऱ्यांकडे तुच्छतेने पाहिलं, अशी ओळ. आपल्याच माणसांचीही गय न करणारा हा पोरगा तेवीस वर्षांचा होता, हे मी पुन्हा पुन्हा विसरत होते. एकोणपन्नासाव्यात उत्तरेतलं हॉटेल आहे, मधे पिवळा दोर, इकडे काळे, तिकडे गोरे. भेदभाव इथेही होता, फक्त वेगळ्या तऱ्हेचा. सत्तावन्नाव्यात धोबीण, पांढऱ्या झग्यात, हातात लांब दांडा, कढईत कपडे ढवळतेय. सगळ्या साठांत मला सर्वांत देखणी तीच वाटली. ना देवी, ना दासी. ही नुसती काम करतेय, पूर्ण ताकदीने.

कॉलेजची मुलगी चित्रं उतरवून घेत होती. मी तिला गेसोचं, म्हणजे त्या पांढऱ्या अस्तराचं, आणि साठ पाट्या एकदम मांडण्याचं सांगितलं. तिने वही पुढे केली आणि म्हणाली, "चुकतंय का कुठे?" तिचे आकार वाकडे होते. मी काही दुरुस्त केलं नाही. आल्स्टनला स्मरून!

सहावा दिवस, शुक्रवार: घाईत

आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीचं राष्ट्रीय संग्रहालय, २०१६ साली उघडलेलं, ब्राँझ रंगाच्या जाळीचं. प्रवेश फुकट पण वेळेचा पास आधी काढावा लागतो. मी पास काढला होता, शनिवारचा. दारावरच्या गृहस्थाने पासाकडे, माझ्याकडे, मग यांच्याकडे बघितलं आणि यांनी पुन्हा एकदा काही बोलून दाखवलं नाही. तासाभराने एक जागा मिळाली. तळघरापासून वर चढत जायचं असतं, सगळं बघायला दिवस पुरत नाही. आमच्याकडे अडीच तास होते, त्यामुळे त्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. चांगले बूट घालून जा.

संध्याकाळी पेन स्टेशनला उतरलो. एडिसनच्या गाडीला अवकाश होता. मी म्हटलं, एकच स्टेशन पुढे जाऊन येऊ. टाइम्स स्क्वेअरच्या भुयारी स्थानकात लॉरेन्सचं शेवटच्या काळातलं एक काम आहे, काचेच्या तुकड्यांचं भलंमोठं भित्तिचित्र. २००० साली सिएटलमध्ये तो गेला आणि हे २००१ मध्ये बसवलं गेलं. लेकीबरोबर दोन वेळा आम्ही याच स्थानकातून गेलो होतो.

शुक्रवारची सहाची गर्दी. खांबाआड उभं राहून, धक्के खात पाहिलं. गाडीतली माणसं, मागे शहर, तेच शेंदरी, तेच पिवळे. समोरून जाणाऱ्यांपैकी कुणी वर बघत नव्हतं. एकाने सामानाची ट्रॉली यांच्या पायावरून नेली. यांनी पिशव्या दुसऱ्या हातात घेतल्या आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना मान वळवून काहीतरी शोधलं.

"याला नंबर नाही?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं. मग सहा अठ्ठेचाळीसची चुकली, सात बाराची मिळाली.